सामाईक भिंत

आखातातल्या मनामाच्या जुन्या बाजारामागे तीन घरं एकमेकांना खेटून उभी होती, आणि त्यांतलं तिसरं पडून बावीस वर्षं झाली होती. तरी गल्लीतली जुनी माणसं अजून 'तीन घरं'च म्हणत. पहिल्या घरात आता कॉफीचं दुकान होतं. तिथे पाहुणे यायचे, भिंतींचे फोटो काढायचे आणि चार घोट कॉफी पिऊन जायचे. तिसऱ्याच्या जागी पार्किंग होतं, चौदा गाड्यांचं. मधलं घर बानू खालाचं; खाला म्हणजे मावशी, सगळी गल्लीच तिला तसं म्हणायची. त्यात ब्याऐंशी वर्षांची बानू खाला आणि तिचं सगळं करणारी मंगला परब अशा दोघीच राहत.

मंगला कुडाळकडची. बाप गवंडी होता, त्यामुळे भिंत दिसली की तिला हात लावून बघायची खोड लहानपणापासून. नवरा गेल्यावर, एकोणीस वर्षांपूर्वी, या घरात पहिलं पाऊल टाकलं तेव्हाही तिने आधी भिंतीवरून तळवा फिरवला आणि मग हातातली बॅग खाली ठेवली. हा चिरा नव्हता, वीटही नव्हती. समुद्राच्या तळातून काढलेला पोवळ्याचा दगड होता, घावण्यासारखा भोकाभोकांचा, आणि त्यावर जिप्समचा पांढरा गिलावा. समुद्रातून आलेली भिंत समुद्राला विसरत नाही. उन्हाळ्यात तिला असा लोणा फुटायचा की मंगला सकाळी केरसुणीने पायथ्याचं मीठ गोळा करायची.

मोत्यांचा धंदा तेजीत होता त्या काळात खालाच्या आजेसासऱ्यांनी एकाच गवंड्याकडून ही तिन्ही घरं बांधून घेतली होती. मधलं स्वतःला आणि कडेची दोन बाहेरून येणाऱ्या व्यापाऱ्यांना. तीन घरांना बाजूच्या सहा भिंती लागल्या असत्या. गवंड्याने चारांत भागवलं. मधल्या दोन भिंती सामाईक. छताला आफ्रिकेहून गलबतांनी आलेले खारफुटीचे वासे. तो वासा दहा-अकरा फुटांहून लांब मिळत नसे, म्हणून खोल्याही बोळासारख्या अरुंद आणि लांबच लांब. लाकूड जेवढं पुरेल तेवढ्याच रुंदीत माणसाने संसार करायचा, असा सगळा हिशेब. त्या बोळांतून वाट काढत गेलं की मध्ये चौक लागायचा आणि एकदम आभाळ दिसायचं. मंगलाला हे घर आवडायचं. तिने हे कुणाला कधी बोलून दाखवलं नव्हतं, कारण पगारी माणसाने मालकाच्या घरावर जीव लावणं बरं नव्हे, असं तिचं मत होतं.

पार्किंगकडची भिंत तेवढी विचित्र होती. घर पडलं, पण भिंत सामाईक, ती अर्धी पाडता येईना. त्यामुळे शेजारच्या घराची आतली बाजू आता उघड्यावर आली होती. त्यांची हिरवी रंगपट्टी, त्यांचे कोनाडे, कपडे टांगायच्या खुंट्या, आकाशात जाऊन संपणाऱ्या जिन्याची तिरकी खूण, सगळं गाड्यांच्या डोक्यावर तसंच. बाई गेली आणि तिचा पदर तेवढा दारात अडकून राहिला, असं काहीतरी मंगलाला वाटायचं आणि ती तिकडे फार वेळ बघत नसे.

याच भिंतीत, खालाच्या निजायच्या खोलीत, पलंगाच्या उशाशी एक खिडकी होती. एक वीत रुंद, दोन विती उंच, दोन चिमुकल्या लाकडी दारांची. दोन घरांच्या बायकांना रस्त्यावर न येता एकमेकींना काही द्यायचं घ्यायचं तर ते या खिडकीतून. घर पडल्यावर पलीकडून ती सिमेंटने लिंपून टाकली होती. पार्किंगमध्ये उभं राहिलं की तो करडा चौकोन अजून दिसायचा.

रोज मगरिबच्या, म्हणजे दिवेलागणीच्या अजानला खाला मंगलाला सांगायची, "मंगला, कटोरी." मग मंगलाने कपाटातून एक जुनी पितळी वाटी काढायची, त्यात तीन खजूर ठेवायचे, आणि वाटी खिडकीत ठेवून दारं लावायची. सकाळी दारं उघडली की वाटी रिकामी. नुसती रिकामी नव्हे, घासलेली.

पहिली काही वर्षं मंगलाची खात्री होती की म्हातारी रात्री उठून गपचूप खजूर खाते. खालाला साखरेचा त्रास होता, तेव्हा चोरून खाणं आलंच. पण गेली चार वर्षं खालाचे गुडघे पार गेले होते, मंगलाने धरल्याशिवाय तिला पलंगावरून उतरताही येत नसे, आणि साखर मोजावी तर ती जिथल्या तिथे. मग मंगलाने उंदरांवर संशय घेतला. उंदीर खजूर नेतात हे खरं, पण ते वाटी घासून ठेवत नाहीत. शेवटी तिने विचार करणं सोडून दिलं. परक्या मुलखात सगळ्याच गोष्टींचा विचार करत बसलं तर माणसाला झोप लागायची नाही.

संकट आलं ते मार्चमध्ये. खालाला मूलबाळ नव्हतं. जवळचा असा पुतण्या, अर्शद. तो समुद्राकाठच्या नव्या वस्तीत, सीफमध्ये, एकोणिसाव्या मजल्यावर राहायचा, मनाने चांगला आणि कायम घाईत. भिंतीखाली गाड्या उभ्या राहतात, उद्या काही झालं तर कोण जबाबदार, असं नगरपालिकेचं पत्र त्याला आलं होतं.

"मंगलाबाई, इंजिनिअर आयेगी, देखेगी," तो म्हणाला. "दीवार हिलती है तो खलास, घर खाली. खाला मेरे साथ सीफ."

तो गेल्यावर खालाने मंगलाचा हात धरला. म्हातारीचा बाप मोती घेऊन मुंबईला जायचा आणि येताना तिथली हिंदी घेऊन यायचा, ती तिच्या तोंडात अजून होती. "मुझे इसी घर से उठाना, मंगला. जिंदा नहीं. समझी ना? जिंदा नहीं उठाना."

मंगलाने तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला. देताना तिला कळत होतं की शब्द आपण देतोय आणि पाळायचा आहे भिंतीने.

आलेली इंजिनिअर निघाली मराठी. लीना केळकर, पुण्याची, जुन्या इमारतींचंच काम करणारी. सखीरची मोटारींची शर्यत संपून रस्ते मोकळे झाले त्या आठवड्यात ती आली. मुलगी ईसा टाउनच्या शाळेत होती, तिचा दर दहा मिनिटांनी फोन. "स्पृहा, डब्यात पराठा आहे, खाऊन घे," लीना म्हणायची, आणि पलीकडून "मम्मा, I'm not hungry" ऐकून सुस्कारा टाकून पुन्हा मोजायला लागायची.

तिने आधी पार्किंगमध्ये उभं राहून वर बघितलं. "मंगलाताई, खेटून बांधलेली घरं एकमेकांच्या खांद्यावर उभी असतात. शेवटचं गेलं की त्याच्या शेजारचं कलतं. कलायलाच पाहिजे. ही भिंत एव्हाना निदान वीतभर बाहेर झुकायला हवी."

मग तिने गच्चीवरून ओळंबा सोडला. मंगला खाली शिसं धरायला उभी राहिली; बापाच्या हाताखाली हे काम तिने शंभरदा केलं होतं. दोरी भिंतीशी वरपासून खालपर्यंत सारख्या अंतरावर होती. बोटभरसुद्धा फरक नाही.

"असं कसं?" लीना म्हणाली. तिने पुन्हा मोजलं. "काहीतरी टेकू आहे हिला."

"गाड्यांचो?" मंगला म्हणाली. दोघी हसल्या, पण लीना तिच्या आधी थांबली.

मग आत येऊन तिने भिंतीची जाडी घेतली. दीड फूट. खिडकीची दारं उघडून आत लेझर धरला आणि आकडा बघून तिने तो बंद करून पुन्हा लावला. आत सात फूट दाखवत होता. "बॅटरी गेली वाटतं," असं म्हणत तिने स्टीलची टेप काढली आणि खिडकीत सरकवली. टेप आत गेली, जात राहिली, दीड फूट झाला, तीन झाले, पाच झाले. लीनाने ती झटकन ओढून घेतली. टेपचं टोक कोमट होतं आणि खिडकीतून हिंगाच्या फोडणीचा वास येत होता.

"कॉफीवाल्यांकडे काय करतात?" तिने विचारलं.

"कॉफी," मंगला म्हणाली.

लीनाने वहीत दीड फूटच लिहिलं. सात लिहून ती काय सांगणार होती? मग तिने भिंतीतल्या जुन्या बारीक भेगांवर काचेच्या तीन पट्ट्या चिकटवल्या. एक जिन्यात, एक चौकात, एक खिडकीच्या खाली. "भिंत हलली की काच तडकते. एक तडकली तर उन्हाने म्हणता येईल. तीनही तडकल्या तर मी काही करू शकणार नाही, ताई. तसाच रिपोर्ट द्यावा लागेल. एक महिन्याने येते."

त्या दिवशी मंगलाने पहिल्यांदा खालाला सरळ विचारलं. त्या खिडकीपलीकडे होतं कोण?

"मथुरा," खाला म्हणाली.

मथुरा एका कापडाच्या हिंदू व्यापाऱ्याची बायको. दोघी एकाच वर्षी सोळा-सतरा वर्षांच्या नवऱ्या म्हणून या घरांत आल्या. दोघींचे नवरे महिनोन् महिने बाहेर, मग दोघींचा संसार या खिडकीतच. खालाकडून खजूर जायचे, पलीकडून कधी खिचडी, कधी गूळपापडी, कधी दही. भांडं कधी रिकामं परत जात नसे, इकडूनही नाही, तिकडूनही नाही. मंगलाने वाटी उलटी करून बघितली. तळाशी ठिपक्या-ठिपक्यांनी मथुराचं नाव कोरलं होतं. गुजराती अक्षरं, डोक्यावर रेघ नसलेली, पण वाचता येत होती.

मग एका संध्याकाळी बानूकडे दूध नासायला आलं होतं आणि तिने खिडकीतून विरजण मागितलं. मथुरा म्हणाली, दिवेलागण झाली, आता दही देत नाहीत, घरची लक्ष्मी जाते, सकाळी माग. बानू हसली. तुमच्या लोकांचं काय तरी एकेक, म्हणाली, बहीण म्हणतेस आणि चमचाभर दही देत नाहीस? मथुराने मुकाट्याने वाटी पुढे केली.

मंगलाचा हात आपसूक तोंडावर गेला. तिन्हीसांजेला दही, दूध, मीठ घराबाहेर जाऊ द्यायचं नाही हे तिला कुणी वेगळं शिकवावं लागलं नव्हतं.

तीन महिन्यांत मथुराचा नवरा मुंबईत वारला. दिराने येऊन घर आवरलं. निघायच्या दिवशी मथुराने खिडकी वाजवली. वाटी अजून इकडेच होती ना! बानू इथेच, या पलंगावर बसली होती. ती वाजवत राहिली, आणि बानूने दार उघडलं नाही. पुढे मथुरा वारल्याचीच बातमी आली.

"क्यों?" मंगलाने विचारलं.

"शरम," खाला म्हणाली. "और कटोरी में डालने को उस दिन घर में कुछ नहीं था. खाली कैसे देती?" तिने खिडकीकडे बोट केलं. "मथुरा कभी खाली नहीं लौटाती थी. अब रोज खाली लौटाती है. नाराज है. जिस दिन कुछ रखेगी, उस दिन मैं आराम से जाऊँगी."

मंगलाला रडू आलं आणि रागही आला. साठ वर्षं! मेलेल्या माणसानेसुद्धा किती तो राग धरावा? पुढचे आठ-दहा दिवस तिच्या डोक्यात तेच घोळत राहिलं. म्हातारी रोज सकाळी मान वर करून विचारायची, "कुछ है?" आणि मंगला रिकामी वाटी दाखवायची. हे काम तिला आता करवेना. नवव्या की दहाव्या दिवशी सकाळी तिने खाला जागी व्हायच्या आत खिडकी उघडली, घासलेली वाटी काढली, फ्रीजमधलं आपण लावलेलं दही चमचाभर तिच्यात घातलं आणि दारं लावून घेतली. देवाला खोटा नैवेद्य दाखवणारी माणसं जगात आहेत, आपण तर एका म्हातारीचं मन राखतोय, असं तिने स्वतःला सांगितलं.

"कुछ है?" खालाने विचारलं.

"है," मंगला म्हणाली.

खालाने वाटी दोन्ही हातांत धरली. दही बोटाने चाटून खाल्लं, शेवटच्या कणापर्यंत, आणि डोळे मिटून बसून राहिली. मंगलाला आपण केलं ते फार चांगलं केलं असं वाटलं. त्या संध्याकाळी खालाने स्वतः वाटीत पाच खजूर ठेवले, बी काढून, आत तिळाची चटणी भरून, जसे ती स्वतः आवडीने खायची तसे.

सकाळी मंगलाने खिडकी उघडली तर वाटी नव्हती. तिने हात आत घातला. दीड फुटावर हात थंड सिमेंटला टेकला.

करायला गेली एक आणि झालं भलतंच. दुसऱ्या दिवशी जिन्यातली काच तडकली. चौथ्या दिवशी चौकातली. मंगलाने चपात्यांचं लाटणं दोरीला बांधून गच्चीवरून सोडलं; खाली दोरी भिंतीपासून चार बोटं लांब राहिली. भिंत बाहेर झुकत होती. दारं नीट लागेनात. संध्याकाळी वाशांमधून माती झरायची, बारीक आवाज करत, आणि खोलीत हिंगाचा वास अजिबात उरला नव्हता. खालाला यातलं काही कळत नव्हतं. ती उशीला टेकून हसतमुख बसून असायची. "ले गई अपनी कटोरी," म्हणायची. "माफ किया."

मंगलाला मात्र कळलं होतं. कुणी माफ केलं नव्हतं. पलीकडची बाई रागाने का होईना, रोज येत होती, वाटी घेत होती, घासून परत ठेवत होती. जोवर भांडं इकडून तिकडे जात होतं तोवर शेजार होता, आणि शेजार होता तोवर खांदा होता. एकदा आपल्या नावावर कुणीतरी भलत्याच घरचं दही खपवलं म्हटल्यावर तिने आपली वाटी उचलली आणि ती निघून गेली. कुठलीही मानी बाई हेच करील. मंगलाने स्वतः हेच केलं असतं.

लीना यायच्या आदल्या दिवशी खिडकीखालच्या तिसऱ्या काचेवर केसासारखी रेघ उमटली.

मंगलाने संध्याकाळी काही केलं नाही. तिन्हीसांजेला मागायचं नसतं. ती सकाळी फजरच्या अजानला उठली, अंघोळ केली आणि ट्रंकेतून स्वतःची स्टीलची वाटी काढली. 'चि. सौ. कां. मंगला हिस मामाकडून, ११-५-९१.' गावाहून आणलेली चार आमसुलं तिने वाटीत ठेवली. आता बोलायचं काय? तिच्या गावात भांडण झालेल्या शेजारणी माफी मागत नाहीत. काही दिवस जाऊ देतात, आणि मग एक जण दुसरीच्या दारात जाऊन काहीतरी मागते. बस, तेवढंच.

खाला झोपली होती. मंगलाने खिडकीचं लाकूड तीनदा वाजवलं.

"मथुराबाय," ती हळूच म्हणाली, "ता दही माझा होता. त्येंका म्हायत नाय. चूक माझी. माका जरा विरजण होया, सकाळची येळ आसा, देशात काय?" तिने वाटी उचलून धरली. "ह्या घरातसून तिका जिती काढूची नाय गे. मी सबूद दिलंय."

तिने वाटी पुढे सरकवली. वाटी सिमेंटला टेकली नाही. हात कोपरापर्यंत गेला, मग खांद्यापर्यंत, आणि कुणीतरी पलीकडून वाटीचा काठ धरला. ओढली नाही, नुसती धरली. मंगलाच्या अंगावर सरसरून काटा आला. तिने बोटं सोडली, हात मागे घेतला आणि दारं लावून ती तिथेच जमिनीवर बसली.

दहा वाजता लीना आली. सोबत अर्शद, हातात गाडीची किल्ली फिरवत. जिन्यातली काच बघून लीनाने तोंड वाकडं केलं. चौकातली बघून तिने वहीत फुली मारली. मग ती खोलीत आली आणि खिडकीखाली वाकली. तिसरी काच अख्खी होती. रेघ नव्हती.

"ताई, ओळंबा धरा."

मंगलाने शिसं धरलं. दोरी भिंतीशी वरपासून खालपर्यंत सारख्या अंतरावर होती.

लीनाने कपाळावरचा घाम पुसला. "पलीकडच्या गल्लीत खोदकाम चालू आहे, त्याचे धक्के असतील," ती अर्शदला म्हणाली. "तीन महिन्यांनी परत बघू." जाताना दारात तिने मंगलाचा दंड धरला आणि मराठीत हळूच विचारलं, "काय केलंत हो तुम्ही?"

"विरजण मागितला," मंगला म्हणाली.

ती माणसं गेल्यावर तिने खिडकी उघडली. तिची वाटी आली होती. आत दही होतं, घट्ट, सुरीने कापावं असं, वर सायीचा पिवळसर थर. तिने ते खालासमोर धरलं. खालाने बोटाने चाटलं आणि तिचं बोट तोंडापाशीच थांबलं. मग तिने मंगलाकडे बघितलं. त्या नजरेत सगळं होतं.

"उस दिन का तेरा था," खाला म्हणाली.

मंगलाने मान खाली घातली.

"पगली," खाला म्हणाली, आणि साठ वर्षांचं रडू तिला एकदम आलं.

पुढचे अठरा दिवस त्या घरात फार सुखाचे गेले, हे सांगायलाच हवं. मंगला सकाळी वाटीत काहीतरी ठेवायची. कधी दोन लाडू, कधी ओल्या खोबऱ्याची चटणी. दुपारी वाटी परत यायची तेव्हा तिच्यात फोडणीचे हरभरे असायचे, खडीसाखर असायची, एकदा तर मूठभर मोगरा होता. मंगलाला भीती वाटत नव्हती का? वाटायची. पण शेजारणीची सवय व्हायला बाईमाणसाला किती दिवस लागतात? एकोणिसाव्या दिवशी सकाळी तिने वाटीत गूळ ठेवून दारं लावली आणि वळून बघितलं तर खाला गेलेली होती. चेहरा खिडकीकडे होता.

खालाला घरातूनच उठवलं. दिलेला शब्द पाळला गेला. गल्लीतली, नात्यातली माणसं दुपारपर्यंत जमली, पार्किंगमधल्या चौदाच्या चौदा गाड्या एकामागोमाग बाहेर पडून कबरस्तानाकडे गेल्या, आणि शेवटची गाडी वळणापलीकडे दिसेनाशी झाली तेव्हा ती भिंत बाहेरच्या बाजूला आडवी झाली. खाली कुणी नव्हतं. चौकात एकटी उभी असलेल्या मंगलाला आवाजसुद्धा फार मोठा आला नाही. कुणी दमून खांदा काढून घ्यावा, तसं झालं.

लीना धावत आली. ढिगाऱ्यात दोघी शोधत होत्या, काय ते दोघींनाही ठाऊक नव्हतं. खिडकीची दोन दारं सापडली. त्यांच्याखाली मंगलाची वाटी, सरळ बसलेली. भोवती हातभर धूळ होती आणि वाटीत धुळीचा कण नव्हता. आत घट्ट दही होतं, आणि त्यावर मधोमध एक खजूर, बी काढून तिळाची चटणी भरलेला.

"मंगलाताई, हे..." लीना म्हणाली.

मंगलाने खजूर खाल्ला. दही तिने खाल्लं नाही, वाटी पदराखाली झाकून घेतली.

अर्शदने तिला विमानाच्या दिवसापर्यंत सीफच्या घरी ठेवून घेतलं. एकोणिसावा मजला, काचा, एसी, आणि तिच्या खोलीची बाहेरची भिंत गुळगुळीत. त्या भिंतीपलीकडे हवा होती आणि बरंच खाली समुद्र. संध्याकाळी अजान ऐकू आली, दिवे लागले, मंगला बॅग भरत बसली होती, तेव्हा त्या भिंतीवर टकटक झाली. तीनदा. मग थोडं थांबून, त्याच्याच शेजारी, दुसऱ्या हाताची. तीनदा.

मंगला बॅग सोडून उठली. मग तिने भिंतीवर तळवा ठेवला, सवयीने.

"तिन्हीसांजेक दही देत नाय," ती म्हणाली. "सकाळी येवा, दोघीव."

टकटक थांबली. मंगला स्वयंपाकघरात गेली, दूध कोमट केलं, पदराखाली आणलेल्या दह्यातलं चमचाभर त्याला लावलं, आणि आपली वाटी घासून ओट्यावर पालथी घातली.